पंप गळका, तर धोका माणसाला
(फवारणी यंत्राची निगा आणि वापर यासंबंधी सभासदांसाठी एक पाठ)



सुरू उसाची लागण उरकली, सरीला वाफसा आला, की घरोघर पाठीवरचे पंप बाहेर निघतात. तोपर्यंत पंप कुठे असतो? गोठ्याच्या कोपऱ्यात, माळ्यावर, नाहीतर शेजाऱ्याकडे. आणला की त्यात पाणी ओतायचे, चार वेळा दांडा हलवायचा, फवारा उडाला की "चालू आहे" म्हणून लगेच औषध कालवायचे, अशी आपली रीत आहे.

बैलाला नाल ठोकायची झाली तर आपण वेळेवर ठोकतो. ट्रॅक्टरचे ऑइल बदलतो, मोटारीचा आवाज बदलला की वायरमनला बोलावतो. पण ज्या यंत्रात आपण विष भरतो आणि जे यंत्र माणसाच्या पाठीला बांधतो, त्याचा वायसर कधी बदलला हे घरात कोणाला सांगता येत नाही. आपण त्याला "औषध" म्हणतो म्हणून मनातली भीती जाते. पिकाला ते औषध असले तरी माणसाला ते विषच आहे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात ठेवावे लागले. डोक्याएवढी वाढलेली दाट कपाशी, दोन-तीन औषधांची मिश्रणे, बारीक तुषार उडवणारे जोराचे पंप आणि अंगावर पुरेसे संरक्षण नसणे, या गोष्टी त्या वेळी पुढे आल्या. कपाशीचे क्षेत्र आपल्याकडे कमी म्हणून आपण सुटलो असे मानू नये. उसाच्या सरीतही तेच पंप, तशीच औषधे आणि तशीच माणसे आहेत.

म्हणून या पाठात सांगायची गोष्ट एकच आहे. फवारणीतली सुरक्षितता तोंडाला रुमाल बांधण्यापासून सुरू होत नाही. ती आदल्या दिवशी पंप उघडून बघण्यापासून सुरू होते.

१. पंप कुठे गळतो?

पाठीवरच्या हातपंपाचे भाग थोडेच आहेत: टाकी, झाकण, दांडा, आतला दट्ट्या व त्याचा वायसर, हवेचा कप्पा, रबरी नळी, चाप, पुढची दांडी आणि टोकाचे नोझल. गळती बहुधा चार ठिकाणी होते.

पहिली झाकणाशी. झाकणाची रबरी रिंग कडक झाली किंवा हरवली, की माणूस वाकला रे वाकला, औषध मानेवरून पाठीवर उतरते. झाकणाला हवा आत घेणारे लहान भोक असते, त्यातली झडप गेली तरी तेच होते. दुसरी गळती दट्ट्यापाशी. तिथला वायसर झिजला की दर दांड्याला थेंब-थेंब खाली येतो आणि कंबर भिजते. तिसरी नळीच्या दोन्ही टोकांना. तिथे तार गुंडाळून काम भागवलेले आपण किती पंपांवर पाहतो! तारेने नळी कापते, तेव्हा तिथे क्लिपच हवी. चौथी गळती चापाशी, म्हणजे नेमकी हाताच्या मुठीत.

कापड भिजले की ते अंगाला चिकटून राहते आणि औषध दिवसभर कातडीतून आत मुरत राहते. कमरेखालची, जांघेतली कातडी तर ते हाताच्या तळव्यापेक्षा फार लवकर शोषते. वास आला नाही, नाकात गेले नाही, म्हणजे विष अंगात गेले नाही असे होत नाही.

२. आदल्या दिवशीची परीक्षा

फवारणी उद्या असेल तर आजच पंपात निम्मे साधे पाणी भरा. दांडा हलवून पूर्ण दाब करा आणि पंप कोरड्या फरशीवर किंवा कागदावर पाच मिनिटे ठेवा. ओल दिसली की गळती कुठे आहे ते लगेच कळते. मग पंप पाठीवर घेऊन एकदा पुढे वाका. झाकणातून पाणी आले तर रिंग बदला.

चाप सोडल्यावर फवारा ताबडतोब थांबला पाहिजे. नोझलमधून थेंब टपकत असतील तर चापाची झडप खराब झाली आहे असे समजा.

चामडी वायसर सुकून आकसला असेल तर रात्रभर तेलात भिजवून बघावा, फाटला असेल तर बदलावा. रबरी वायसर मात्र बदलणे हाच उपाय. वायसर, रिंगा, क्लिपा, एक जादा नोझल आणि एक जुना टूथब्रश एवढे सामान डब्यात घालून पंपाबरोबरच ठेवावे. भर उन्हात, औषध भरलेला पंप सरीत उघडून बसण्याची वेळ या डब्यामुळे टळते.

पट्टेही बघा. सोळा लिटरचा पंप भरला की पाठीवर वीस किलोच्या आसपास वजन येते. सुतळीने बांधलेला पट्टा मध्येच तुटला तर सगळी टाकी माणसाच्या अंगावर रिकामी होते.

गाळण्या तीन ठिकाणी असतात: टाकीच्या तोंडाशी, चापाच्या मुठीत आणि नोझलच्या मागे. पुष्कळ ठिकाणी पाणी लवकर पडावे म्हणून तोंडाची गाळणी काढून टाकलेली असते. ती नसली की पाटातला गाळ थेट नोझलपर्यंत जातो, नोझल तुंबते, आणि मग माणूस ते तोंडाने फुंकायला जातो. पुष्कळदा विष तोंडात जाते ते असे.

३. नोझल कोणते आणि किती झिजलेले?

तणनाशकासाठी फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल वापरावे. त्याचा फवारा पंख्यासारखा पसरतो, थेंब मोठे पडतात आणि वाऱ्यावर कमी जातात. कीटकनाशकासाठी पोकळ शंकूसारखा फवारा देणारे नोझल असते, त्याचा थेंब बारीक. त्याच बारीक नोझलने तणनाशक मारले तर ते शेजारच्या द्राक्षबागेवर किंवा टोमॅटोवर जाऊन भांडण उभे राहते. तणनाशकाला दाबही कमी ठेवावा. जोर जास्त म्हणजे काम चांगले, हा समज तणनाशकाच्या बाबतीत चुकीचा आहे.

नोझलचे भोक वापराने मोठे होत जाते. डोळ्याला ते दिसत नाही, मापाने कळते. नवीन नोझल एका मिनिटात किती पाणी देते ते मापाच्या भांड्यात मोजून लिहून ठेवा. समजा ते ६०० मिलिलिटर भरले. पुढे तेवढ्याच दाबाला ते ६६० च्या वर गेले, म्हणजे दहाव्या हिश्शापेक्षा जास्त वाढले, तर नोझल टाकून द्यावे. नोझलची किंमत औषधाच्या एका पुड्याएवढीही नसते.

४. एका गुंठ्याचे माप

आता हिशेबाची गोष्ट. दुकानदार सांगतो, "पंपाला इतके टाका." पण तुमच्या गड्याचा एकरी किती पंप जातो हे दुकानदाराला ठाऊक नसते. लेबलवर मात्रा असते ती क्षेत्राला, पंपाला नसते. म्हणून पंपाचे माप आपले आपणच काढावे.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. तेवढी जागा शेतात आखा. पंपात मोजून साधे पाणी भरा. जो माणूस फवारणार आहे त्यालाच रोजच्या चालीने तेवढी जागा फवारू द्या. उरलेले पाणी मोजा. समजा ५ लिटर पाणी लागले. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे एकरी २०० लिटर. सोळा लिटरच्या पंपाने साडेबारा पंप झाले. आता लेबलवर त्या तणनाशकाची मात्रा समजा एकरी १ किलो येत असेल, तर १००० ग्रॅमला साडेबाराने भागले की पंपाला ८० ग्रॅम.

हेच माप न काढता दोघा गड्यांना पंपाला ८० ग्रॅम सांगितले तर काय होते ते बघा. भरभर चालणारा गुंठ्याला ३ लिटरच टाकतो. त्याचे एकरी साडेसात पंप होतात आणि औषध पडते ६०० ग्रॅम. तण मरत नाही, आपण कंपनीला नावे ठेवतो. सावकाश चालणारा, झिजलेल्या नोझलचा गडी गुंठ्याला ८ लिटर टाकतो. त्याचे वीस पंप होतात आणि औषध पडते १६०० ग्रॅम. उसाचे कोंब पिवळे पडतात, आपण बेण्याला नावे ठेवतो. पंप तोच, पुडा तोच, शेतही तेच, फरक फक्त मापाचा.

यात मजुरीचाही भाग आहे. कित्येक गावांत पंपाच्या हिशेबाने मजुरी ठरते, तर काही ठिकाणी एकराने उक्ते दिले जाते. पंपावर ठरली की पंप वाढतात, उक्ते दिले की चाल वाढते. दोष गड्याचा नाही, ठरवण्याचा आहे. गुंठ्याचे माप काढून, एकरी इतके पंप जायला हवेत हे आधीच दोघांत ठरवावे आणि मजुरी दिवसाची द्यावी.

५. औषध कालवताना

सर्वांत मोठा धोका फवारताना नसून कालवताना असतो, कारण तेव्हा औषध पातळ झालेले नसते. म्हणून रबरी हातमोजे आणि चष्मा त्या वेळी हवेतच. पुडा दाताने फोडू नये, हाताने ढवळू नये. लांब काठी वापरावी आणि ती वापरून झाली की जाळता-पुरता येईल अशी वेगळी ठेवावी, भाकरीच्या चुलीपाशी जाऊ देऊ नये.

भुकटी असेल तर वेगळ्या बादलीत थोड्या पाण्यात तिची पेज करावी. पंप निम्मा पाण्याने भरावा, पेज गाळून ओतावी, मग उरलेले पाणी घालावे. पाणी स्वच्छ घ्यावे. गढूळ पाण्यात ग्लायफोसेट, पॅराक्वाटसारखी तणनाशके मातीच्या कणांना चिकटून निकामी होतात. पंप काठोकाठ भरू नये.

लेबलवर सांगितल्याशिवाय दोन-तीन औषधे एकत्र करू नयेत. डब्यावरचा त्रिकोण बघावा: लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र समजू नये. घरात जुने डबे पडले असतील तर तेही तपासा. एंडोसल्फान २०११ पासून बंद आहे. हुमणीसाठी आपण वर्षानुवर्षे वापरलेले फोरेट २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. "शिल्लक आहे म्हणून टाकतो" हे चालणार नाही.

६. पंप पाठीवर घेतल्यावर

पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण विजार, गमबूट, टोपी, हातमोजे, चष्मा आणि औषधाला योग्य असा मास्क. विजार बुटाच्या बाहेर सोडावी. आत खोचली तर ओघळ बुटात उतरतो. उन्हात हे कपडे सहन होत नाहीत ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय कपडे काढणे हा नव्हे, वेळ बदलणे हा आहे. सकाळी लवकर सुरू करावे आणि ऊन चढले की थांबावे.

चिमूटभर माती हातातून सोडून वारा बघावा. माती बाजूला वाहून जात असेल तर त्या दिवशी फवारणी नको. हलकी झुळूक असेल तर ज्या बाजूला वारा जातो त्या बांधापासून सुरुवात करावी आणि वाऱ्याच्या दिशेला वर सरकत जावे, म्हणजे फवारलेले रान पाठीमागे राहते. उगवणीपूर्वीचे तणनाशक सरीत मारताना मागे मागे सरत जावे. त्याने पायही भिजत नाहीत आणि फवारलेला थरही तुडवला जात नाही.

मध्येच तंबाखू मळणे, बिडी ओढणे, त्याच हाताने पाणी पिणे पूर्ण बंद. अठरा वर्षांखालचे पोरगे, गरोदर वा अंगावर पाजणारी बाई आणि हाताला जखम असलेला माणूस यांना पंप देऊ नये. एकट्याने दूरच्या मळ्यात फवारू नये.

नोझल तुंबले तर आधी दाब सोडावा, मग नोझल काढून टूथब्रशने पाण्यात धुवावे. तार किंवा सुई घालू नये, भोक बिघडते. तोंड तर कधीच लावू नये.

७. बॅटरीचा आणि इंजिनाचा पंप

बॅटरीच्या पंपाने दांडा मारण्याचे कष्ट वाचले, पण निगा वाचली नाही. बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत वापरू नये, आणि वापर झाल्यावर पंप पुसून, कोरड्या व हवेशीर जागी चार्जिंगला लावावा. ओल्या हाताने पिन लावू नये. हंगाम संपल्यावरही अधूनमधून चार्ज करावा.

इंजिनावरच्या एचटीपी पंपाला पट्ट्यावर जाळी आणि ट्रॅक्टरच्या पंपाला फिरत्या शाफ्टवर झाकण असल्याशिवाय तो सुरू करू नये. उपरण्याचे टोक, साडीचा पदर त्यात क्षणात गुंडाळला जातो. दाबाची नळी फुगलेली दिसली तर बदलावी. यंत्र चालू असताना कोणताही जोड सोडू नये.

८. उंच उसात पंप नेऊ नका

मोठ्या बांधणीनंतर ऊस डोक्याच्या वर जातो. तेव्हा आत शिरून वर फवारले की निम्मे औषध फवारणाऱ्याच्याच डोक्यावर येते, वारा खेळत नाही आणि तुषार आतच कोंडतो. २००२ साली सांगली भागात लोकरी मावा आला तेव्हा घाबरून पुष्कळांनी उंच उसात फवारण्या केल्या. शेवटी तो आटोक्यात आणण्यात मोठा वाटा कोनोबाथ्रा (डिफा), मायक्रोमस यांसारख्या मित्रकीटकांचा होता, आणि सरसकट फवारणीने मरत होते तेही हेच मित्रकीटक. उंच उसात कीड दिसली तर आधी गटाच्या शेतकी मदतनीसाला दाखवा, पंप नंतर.

९. पंप धुणे: इथेच खरी चूक होते

२,४-डी मारलेला पंप नुसता विसळून भाजीवर नेला, आणि आठवड्यात वांगी-टोमॅटोची पाने सुरकुतून दोरीसारखी झाली, असे प्रकार दर हंगामात ऐकू येतात. हे तणनाशक टाकीला, नळीला, वायसरला चिकटून राहते. म्हणून पहिला उपाय म्हणजे तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा आणि त्यावर लाल रंगाचा ठळक पट्टा मारावा. ऐपत नसेल तर दोघा भावांत किंवा शेजाऱ्यांत मिळून एक ठेवावा.

पंप एकच असेल तर तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवा, दरवेळी नळीतून व नोझलमधून पाणी सोडा. मग १६ लिटर पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून पंप भरा, थोडे नळीतून सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा साध्या पाण्याने धुवा. एवढे करूनही द्राक्षे, कापूस, भाजीपाल्यावर तो पंप न नेणे शहाणपणाचे.

धुतलेले पाणी विहिरीपाशी, पाटात, ओढ्यात टाकू नये. फवारलेल्याच रानात फवारून टाकावे. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच घ्यावे आणि डब्याला भोके पाडावीत, म्हणजे घरात तेल-रॉकेल भरायला तो कोणी नेणार नाही. काम झाल्यावर साबण लावून आंघोळ करावी. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, ते धुणाऱ्या बाईलाही बाधा होते.

पंप ठेवताना पालथा, झाकण उघडे आणि दाब सोडलेला ठेवावा. पाणी आत राहिले तर वायसर कुजतो.

१०. विषबाधा झालीच तर

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, अंगाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, स्नायू उडणे, धाप लागणे, यांतले काहीही दिसले की काम थांबवा. "ऊन लागले असेल, जरा पडून राहा" असे म्हणू नका. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची ही लक्षणे आहेत. त्यावर दवाखान्यात अॅट्रोपीनसारखा उतारा असतो, पण वेळेत पोचले तरच उपयोग. पॅराक्वाटवर तर उताराच नाही.

माणसाला मोकळ्या हवेत आणा. भिजलेले कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. डोळ्यांत गेले असेल तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाणी सोडा. दूध, तूप, मिठाचे पाणी पाजू नका, बेशुद्ध माणसाला काहीच देऊ नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा किंवा माहितीपत्रक बरोबर घेऊन जा. कोणते विष आहे हे डॉक्टरांना त्यावरून कळते.

फवारणीच्या दिवशीची दहा कलमी यादी
(कापून पंपाच्या जागी भिंतीवर लावावी)

१) काल साध्या पाण्याने गळती पाहिली का?
२) तिन्ही गाळण्या जागेवर आहेत का?
३) कामाला योग्य नोझल लावले का?
४) गुंठ्याचे माप काढून पंपाची मात्रा ठरली का?
५) लेबल वाचले का? वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घेतले का?
६) कपडे, बूट, मोजे, चष्मा, मास्क आहेत का?
७) साबण आणि अंग धुण्याचे पाणी बांधावर ठेवले का?
८) वारा पाहिला का?
९) सोबतीला दुसरा माणूस आहे का?
१०) पंप धुवायची जागा ठरली का?

शेवटी एक गोष्ट मालकांना. फवारणीला बहुतेक वेळा आपण स्वतः नसतो, गडी असतो. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे १९७१ चे नियम हेच सांगतात की विष हाताळणाऱ्या माणसाला संरक्षक कपडे व साधने मिळाली पाहिजेत. पण कायदा बांधावर येऊन उभा राहत नाही, तिथे मालकच असतो. पाच-पन्नास रुपयांचा वायसर वाचवून दुसऱ्याच्या पाठीवर विष गळू देणे हे आपल्या सहकाराच्या शिकवणीत बसत नाही. हंगाम सुरू होण्याआधी एक संध्याकाळ काढा, पंप अंगणात आणा, साधे पाणी भरा आणि पाच मिनिटे नुसते बघा. कुठे थेंब पडतो ते तिथेच दिसेल.